एकटी पाटली

१

आंब्याची पेटी उघडली मुंबईत, एका जपानी कंपनीच्या ऑफिसात, दहा-पंधरा माणसांच्या समोर. वरचा थर निघाला, खालचा थर निघाला. तळचा पेंढा उचलला तर गुलाबी कागदाची पुडी हाती आली, आणि पुडीत सोन्याची एक पाटली.

ज्यांना ही पेटी भेट मिळाली होती त्या मोरितासाहेबांनी हातातला आंबा परत पेंढ्यात ठेवला, उठून वरिष्ठांपुढे कमरेत वाकले, माफी मागितली, आणि मग दुभाष्याकरवी रत्नागिरीला फोन लावला. सौदा थांबवलाय. पेटी जशी आहे तशी परत पाठवतोय.

फोन संध्याकाळी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी राही कारखान्याच्या फाटकाबाहेर होती.

२००१ सालचा मे महिना होता. देवदत्तांचा कॅनिंगचा कारखाना सड्यावरच्या कातळमाळावर, जांभ्या दगडाच्या गडग्याच्या भिंतीआड. तिथे हापूसचा रस डब्यांत भरून परदेशी जायचा. राही तिथल्या लॅबमध्ये होती. रस तपासायचा, आणि पसंत पडला तर त्या मालावर आपला शिक्का मारायचा, हे तिचं काम. मिऱ्या डोंगराच्या अंगाला मच्छीमारांचा खारवीवाडा आहे, तिथली ही पोर. वाड्यातली पहिली बी.एस्सी. कारखाना पाहायला आलेल्या मोरितांना निरोपाची पेटी तिनेच भरून दिली होती, अंगणात, सगळ्यांच्या देखत. म्हणून ठरलं, की पाटलीही तिनेच ठेवली. मोरितांना खूश करून त्यांच्या मुंबई ऑफिसात नोकरी लावून घ्यायची होती तिला, असं देवदत्तांनी बायका कामावर येत असताना, त्यांच्यासमोर सांगितलं.

शंभरभर बायका होत्या. कोणी मान वर केली नाही. आणि त्यांतल्या एकीलाही, किंवा गावातल्या एकालाही, जो प्रश्न सगळ्यांत आधी पडायला हवा होता तो पडला नाही.

२

"झडती घ्यायची असेल तर घ्या," राहीची आई चिमा आनंदीबाईंच्या दारातूनच म्हणाली. "तुम्हाला सवय हाय."

आनंदीबाई हसल्या. दर्यावरून चोरटं सोनं उतरायचं त्या काळात त्या कस्टममध्ये होत्या. बायकांची झडती घ्यायला बाई लागते, ती बाई म्हणजे आनंदीबाई. अंबाड्यात, लुगड्याच्या निऱ्यांत, पावाच्या लादीत, तान्ह्या पोराच्या लंगोटात, सोनं कुठे कुठे लपतं ते त्यांच्या बोटांना पाठ होतं. चिमाला एकदा त्यांनी किनाऱ्यावर अडवून झडती घेतली होती. टोपलीत मासळीच निघाली. तेव्हापासून दोघींचं जमलं होतं. आनंदीबाई निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

"बस गो. आणि ही कोण, राही? केवढी झाली."

राही बसली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली. डोळे कोरडे होते. रडून झालेले नव्हे, रडायचं नाही असं ठरवलेले.

"पेटी कशी भरलीस ते सांग," आनंदीबाई म्हणाल्या. "भाकरी कशी थापतेस ते सांगावं तसं. काही गाळू नकोस."

"अढीतले आंबे घेतले, मावशी. सगळे सारखे पाड लागलेले, मुंबईला पोचून दोन दिवसांनी खायला होतील असे. देठ सगळ्यांचे शाबूत. मध्ये पेंढा. फळी ठेवून चार कोपऱ्यांना चार चुका मीच ठोकल्या. साहेब बाजूला उभे राहून बघत होते. हसले, आणि मला पंखा दिला, कागदी. सगळ्यांनाच दिला."

"आणि त्या मालाचं काय? साहेब बघायला आले होते तो?"

राहीने आईकडे पाहिलं. "त्यावर माझा शिक्का नाही. ट्रकांतून बाहेरचा आंबा आला होता, स्वस्तातला. त्याचा रस मिसळलाय, आणि डब्यावर हापूस लिहिलंय. मी मुकुलदादांना सांगितलं, हे चालणार नाही. ते म्हणाले, तू शिक्का नको मारूस, साहेबांचं मी बघतो."

मुकुल म्हणजे देवदत्तांचा पुतण्या. पुण्याहून धंद्याचं शिक्षण घेऊन या हंगामातच आला होता, काकांकडेच राहायचा, परदेशी गिऱ्हाइकांचं सगळं तोच पाहायचा.

"माझ्या घरात सोनं म्हणजे ही नाकातली मोरणी," चिमा म्हणाली. "तीबी सासूची. आता तिचं लगीन कोण जमवील? वाड्यातली माणसं तोंडावर काय बोलत नाहीत, पण नळावर मी गेले की गप होतात. शिव्या परवडल्या, बाई."

आनंदीबाईंनी चपला घातल्या.

३

"बाई, हे आमचं खाजगी आहे," देवदत्त म्हणाले.

"खाजगी? पोरीला बायकांसमोर हाकललीत ना? चारचौघांत घेतलेली अब्रू खाजगीत कशी परत करणार तुम्ही?"

देवदत्त तसे वाईट माणूस नव्हते. देवळाच्या जीर्णोद्धाराला पुढे असायचे, मजुराच्या आजारपणाला गाडी द्यायचे. असली माणसंच जास्त छळतात, कारण त्यांच्यावर राग धरायला गाव तयार नसतं.

पेटी केबिनच्या कोपऱ्यात होती. जपान्यांनी ती परत पाठवली होती ती मेलेल्या माणसाची चीजवस्तू घरच्यांना द्यावी तशी. आंबा न् आंबा, पेंढ्याची काडी न् काडी. काढलेल्या चुकासुद्धा एका छोट्या पिशवीत घालून झाकणाला चिकटवलेल्या.

"मॅडम, त्यांची शिस्तच वेगळी," मुकुल म्हणाला. तो दारात उभा होता, उजव्या मनगटाला पट्टी. "आपल्याकडे असं थोडंफार चालतं, त्यांच्याकडे नाही. राहीला तो फरक कळला नाही, एवढंच. घरची परिस्थिती, मोह होतो."

"हाताला काय झालं?"

"बॉयलरची वाफ."

आनंदीबाई खाली बसल्या. झाकणाची फळी त्यांनी मांडीवर घेतली आणि कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. प्रत्येक कोपऱ्याला दोन भोकं. एक सरळ, नेमकं. त्याच्या शेजारी दुसरं, तिरकं, लाकूड फोडून गेलेलं. राहीने चुका एकदाच ठोकल्या होत्या. मग पेटी वाटेत कोणीतरी उघडली होती आणि पुन्हा बंद केली होती.

मग आंबे. आठवडा उलटून गेला होता, आंबे सुरकुतून गेले होते, केबिनभर गोड, आंबूस दरवळ होता. खालच्या थरात एकच आंबा मात्र हिरवा, दगडासारखा. त्याचा देठ मुळातून तुटलेला, आणि तिथून खाली ओघळलेला चीक वाळून काळा पडलेला. अढीत बसलेल्या आंब्याला असा चीक येत नाही. हा झाडावरून ओरबाडून थेट पेटीत गेला होता.

"पाटली दाखवता?"

देवदत्तांनी खण उघडला. कागद कोरा करकरीत, पाटली मात्र जुन्या घडणीची, आतून झिजून गुळगुळीत झालेली.

"कोणाची आहे ही?"

"तिनेच ठेवली ना," देवदत्त म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीबाहेर रिकाम्या डब्यांच्या ढिगाशिवाय काही नव्हतं.

आनंदीबाईंनी विचारलं होतं एक, उत्तर आलं दुसऱ्याच प्रश्नाचं. त्यांच्या ते ध्यानात राहिलं. पण त्याचा अर्थ त्यांना त्या दिवशी लागला नाही.

४

कारखान्याची जीप काशीराम चालवायचा. आनंदीबाई गेल्या तेव्हा तो टायरवर पाणी मारत होता. समोरच्या काचेपाशी मोरितांनी दिलेला कागदी पंखा खोचलेला.

"मला दिला तसाच मालकांना दिला," तो कौतुकाने म्हणाला. "एका मापाचा. असला पाहुणा मी बघितला नव्हता."

"कारखान्यातून निघालात ते थेट स्टेशनवर?"

"छे. मधे मालकांच्या बंगल्यावर जेवण. पेटी जीपमधेच, पडवीच्या सावलीला. मी मागच्या दारी जेवत होतो, आतली पानं दिसत होती. मालक पानावरून उठले नाहीत; पाहुणा सोलकढी कशी पितो ते बघायला सगळे जमलेले. मुकुलशेठ तेवढे मधेच उठले, फोन करायचाय म्हणून. आले ते हात धूतच आले."

"बंगल्यावर पिकलेले आंबे असतात ना रे?"

"माडीवर अढी हाय ना. हवे तेवढे."

"समजा पेटीतला एक आंबा हातून चेचला. बदली दुसरा कुठला घालशील?"

"माडीवरचा. झाडावरचा कच्चा कोण घालतो पाहुण्याच्या पेटीत?" त्याने पाण्याचा पाइप खाली टाकला. "ज्याला माडीवर अढी असते हे ठाऊक नाय तो घालील."

"आणि स्टेशनवर?"

"स्टेशनवर गंमत झाली. मालक साहेबांना म्हणाले, पेटी उघडा, एक आंबा गाडीत खा, आम्हाला बरं वाटेल. हातोडीसुद्धा मागितली माझ्याकडे. तर मुकुलशेठनी त्यांचा हात धरला. काका, म्हणाले, त्यांच्यात देणाऱ्यासमोर उघडत नाहीत. घरी नेऊन एकट्याने उघडतात. मला नवल वाटलं. आमच्यात पाहुण्याला कापून पुढ्यात ठेवतात."

आनंदीबाई पायीच निघाल्या. सड्यावर ऊन रणरणत होतं, काजूच्या झाडाखाली म्हशी बसल्या होत्या. हात कोणाचा, हे कळलं होतं. पण पुण्याहून आलेल्या पोराकडे जुनी पाटली आली कुठून? ती होती कोणाची?

आणि त्या थांबल्या.

खारवीवाड्यातल्या पोरीच्या पेटीत एवढं सोनं निघालं, तर या गावाच्या तोंडून पहिला शब्द काय निघेल? कुठून आणलंस गो? चोरीचा आळ आधी, बाकीचं मागाहून. गरिबाच्या हातात सोनं दिसलं की कोणालाही आधी स्वतःचं कपाट आठवतं. देवदत्तांनी लाचेचा आळ घातला, चोरीचा घातला नाही. पोलीस बोलावले नाहीत. पाटली हातात आल्यावरही ती कोणाची, हे एकदाही विचारलं नाही.

उत्तर ठाऊक असतं तो माणूस प्रश्न विचारत नाही.

५

मनस्विनी, देवदत्तांची बायको, पडवीत फणसाचे गरे काढत होती. हाताला खोबरेल, मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या.

"पाटल्या नाही घातल्यास?"

"या घामात कुठे, आनंदीबाई. कपाटात आहेत. दिवाळीलाच काढते. सासूबाईंच्या आहेत ना, जपावं लागतं."

"बघू दे मला एकदा. जुनी घडण हल्ली बघायला मिळत नाही."

मनस्विनीने हात पुसले, देवघरातल्या खिळ्यावरची किल्ली काढली. घरातलं कोणीही काढील अशी ती किल्ली. कपाट उघडलं, लाल मखमलीची डबी उघडली.

डबीत एकच पाटली होती. शेजारची जागा रिकामी, गोल, दबलेली.

मनस्विनीने डबी उलटी करून झटकली, जणू सोनं कुठे चिकटून राहिलं असेल. मग हळूच म्हणाली, "दुसरी?"

"दुसरी तुझ्या नवऱ्याच्या टेबलाच्या खणात आहे."

फणसाला माशा लागल्या होत्या. पेटीची हकिगत तिच्याही कानावर होती, पण तिला 'सोनं' एवढंच सांगितलं होतं. पाटली म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

"त्यांना ओळखू आली नसेल," ती शेवटी म्हणाली. ते वाक्य तिचं तिलाच पटलं नाही. "सासूबाई मरेपर्यंत हातात होत्या हो त्या. या पाटल्यांच्या किणकिणाटात जेवून मोठे झालेत ते. अंधारातसुद्धा ओळखतील."

तिने डबी मिटली आणि पदराखाली धरली. "चला. मी पण येते."

६

केबिनमध्ये देवदत्त होते, मुकुल होता. आनंदीबाईंनी राहीला बोलावून घेतलं होतं. ती दारापाशी उभी होती. मनस्विनीने डबी टेबलावर ठेवली आणि उघडली.

देवदत्तांचा हात खणाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"पेटी वाटेत उघडली गेली, भोकं दोन-दोन आहेत," आनंदीबाई म्हणाल्या. "उघडण्याची सवड बंगल्यावरच होती. पानावरून एकच माणूस उठला. घाईत फळी उचकटताना त्याच्या हातून आंबा चेचला. त्याला माडी ठाऊक नव्हती. दारातल्या कलमाचा ओढून काढला, देठ मोडून. चीक उडाला. मुकुल, पट्टी सोड."

"वाफ आहे ती."

"वाफेने फोड येतो बाळा. चिकाने कातडी काळी पडते आणि कडेने सोलवटते. कोकणातलं प्रत्येक पोर एकदा तरी त्याची शिक्षा खातं. तू सुट्टीला आला असतास आजीकडे, तर तुलाही मिळाली असती. सोड."

मुकुलने पट्टी सोडली नाही. ते पुरेसं होतं.

"मिसळीचा माल होता. राहीने शिक्का दिला नाही. मग साहेबांचं तोंड बंद करायचं. तू त्यांच्या रीती वाचल्यास. भेट समोर उघडत नाहीत एवढं पान वाचलंस आणि पुस्तक मिटलंस. खायची भेट ते ऑफिसात नेऊन सगळ्यांत वाटतात, ते पुढच्या पानावर असणार. पण मला सांग, एकच का? पाटल्या जोडीने असतात."

मुकुल देवदत्तांकडे बघत राहिला. मग त्याचा धीर सुटला, की त्याला वाटलं आता लपवण्यात अर्थ नाही, कोण जाणे. "दुसरी सही झाल्यावर," तो म्हणाला. "अशीच पद्धत असते. अर्धं आधी, अर्धं नंतर. काका, तुम्हीच म्हणाला होतात, माल गेला पाहिजे, कसा ते तू बघ."

केबिनमध्ये पंखा फिरत होता. बाहेर डबे बंद करणाऱ्या यंत्राचा ठेका चालू होता.

"आनंदीबाई," देवदत्त म्हणाले, "मुलगा चुकला. मी मानतो. पण धंदा आहे, जगात कुठे देण्याघेण्याशिवाय चालतो? जपानी नाही देत भेटी? त्यांनी पंखे वाटले. प्रत्येक देशाची आपली रीत. आपल्याकडे हात ओला केल्याशिवाय..."

"आपल्याकडे?" त्यांचा आवाज चढला नाही, पण यंत्राचा ठेका त्याखाली बुडाला. "आपल्याकडे कोणाच्या? हिच्याकडे? हिच्या वाड्यात होडी लागली की पहिला वाटा देवाचा, दुसरा विधवेचा, आणि तो पुळणीवर सगळ्यांसमोर मांडतात. माझी आई जात्यावर म्हणायची,

दिल्या-घेतल्याचं सूप असावं अंगणी,
झाकल्या ओंजळीला दान म्हणू नये कोणी.

ही आपली रीत. त्या माणसाने पंखे दिले ते उघड्यावर, ड्रायव्हरला आणि मालकाला एका मापाचे. तुमच्या पोराने दिलं ते पेंढ्याखाली. फरक जपानचा आणि हिंदुस्थानचा नाही, देवदत्त. फरक वर ठेवण्याचा आणि खाली लपवण्याचा आहे. चोरी केलीत ती केलीत, वर तिला आपल्या संस्कृतीचं लुगडं नेसवू नका."

आनंदीबाईंनी डबीतल्या एकट्या पाटलीकडे बोट दाखवलं.

"आणि मुलगा चुकला म्हणता. मुलाने सोनं लपवलं. तुम्ही ते ओळखलंत. आईच्या हातातली पाटली खणात ठेवलीत, आणि या पोरीला फाटकाबाहेरच राहू दिलंत. मुकुल चुकला असेल. तुम्ही चुकला नाहीत. तुम्ही ठरवलंत."

देवदत्त राहीकडे बघू शकले नाहीत. मनस्विनीने खण ओढला, दुसरी पाटली काढली, दोन्ही डबीत ठेवल्या, आणि नवऱ्याकडे न बघता निघून गेली.

"उद्यापासून कामावर ये," देवदत्त टेबलाला म्हणाले.

राहीने विचारलं, "बायकांना कोण सांगणार?" आणि तीही गेली.

७

मुकुल पुण्याला गेला. हवा मानवली नाही, असं गावाला सांगण्यात आलं. गावाने ते लगेच मानलं. बागाईतदाराच्या घरचं कारण गाव तपासून घेत नाही. राही मात्र दोन दिवस कामावर गेली नाही, आणि ती का जात नाही, यावर नळावर चर्चा झाली.

तिसऱ्या दिवशी खारवीवाड्यात जीप आली. देवदत्त स्वतः उतरले. मागून काशीरामने आंब्याची पेटी आणून चिमाच्या ओटीवर ठेवली.

"घरचे आहेत," देवदत्त म्हणाले. "गोड मानून घ्या. झालं गेलं..."

"काशीकाका, हातोडी आहे?" राहीने विचारलं.

वाड्यातल्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या. जाळी विणणारे पुरुष जाळी हातात घेऊनच आले. आनंदीबाई आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"आत ने ना," देवदत्त म्हणाले. "नंतर सावकाश उघड."

"नाही काका. आमच्यात समोर उघडतात."

तिने फळी काढली. आंबे एकेक करून चटईवर मांडले. पेंढा झटकला, मूठमूठ, वाऱ्यावर. मग रिकामी पेटी उलटी करून तळाला हाताने थापट्या मारल्या, सगळ्यांना ऐकू जातील अशा. काही पडलं नाही. देवदत्त उन्हात उभे होते, कानापर्यंत लाल.

"आंबेच आहेत," ती बायकांना म्हणाली. चिमाने लगेच वाटायला सुरुवात केली. पहिला काशीरामच्या हातात ठेवला.

"आता येशील ना?" देवदत्तांनी हळू आवाजात विचारलं. "तो मिसळीचा माल बाजूला काढलाय. शिक्का तुझ्याशिवाय कोणी मारणार नाही."

"खरं काय ते सांगायला मोरितासाहेबांना फोन झाला?"

"करतो. घरी गेलो की करतो."

राहीने नाक्याकडे बोट दाखवलं. वाड्याच्या तोंडाशी पिवळ्या पाटीचं एस.टी.डी. बूथ होतं. "तिथून लागतो मुंबईला. आणि मराठीतच सांगा. त्यांचा दुभाष्या दापोलीचा आहे."

देवदत्तांनी आनंदीबाईंकडे पाहिलं. आनंदीबाई आंबा चोखत होत्या.

ते चालत गेले. त्यांच्यामागे राही, तिच्यामागे चिमा, मग बायका, पोरं, जाळीवाले. बूथमध्ये शिरून त्यांनी नंबर फिरवला, पलीकडे घंटा वाजायला लागली, आणि त्यांनी सवयीने काचेचं दार ओढून घेतलं.

राहीने ते परत उघडलं आणि पायाने अडवून धरलं.

"राहू दे, काका," ती म्हणाली. "आत गरम होईल."